शंका-समाधान : सीएनसी प्लाझ्मा टेबल

प्लाझ्मा कटिंगवरच्या शंका मागवल्या आणि पत्रांचा ढीग आला. त्यांचे सरळ दोन गट पडतात. पहिल्याचं म्हणणं, कोणतं मशीन घेऊ? दुसऱ्याचं म्हणणं, घेतलंय, पण धड चालत नाही. या दुसऱ्या गटातली बहुतेक दुखणी टेबलाची नाहीतच. ती कॉम्प्रेसरची आहेत, अर्थिंगची आहेत आणि कोटेशन नीट न वाचल्याची आहेत. म्हणून पहिल्या गटातल्यांना सांगतो, आपलं उत्तर वाचून थांबू नका. खालची पत्रंही वाचा आणि मगच ॲडव्हान्स द्या.

शंका : आमच्याकडे शेतीची अवजारं बनतात. रोटाव्हेटरच्या साइड प्लेटा, नांगराचे ब्रॅकेट, ट्रॉलीचे गसेट. काम ८ ते १२ मि.मी.चं, कधीमधी २० मि.मी. आजवर सगळं गॅसने कापत आलो. आता सीएनसी प्लाझ्मा टेबल घ्यायचंय. एक विक्रेता ६५ अँपिअरचं मशीन दाखवून ‘हे ३२ मि.मी. कापतं’ म्हणतो, दुसरा १०५ अँपिअरच घ्या म्हणून मागे लागलाय. टेबल ८ बाय ४ घ्यावं की १० बाय ५?
— एक वाचक, पलूस

समाधान : किर्लोस्करवाडीच्या शेजारी राहणाऱ्याला नांगराबद्दल मी काही शिकवायला जाणार नाही. कटिंगचं तेवढं सांगतो.

‘३२ मि.मी. कापतं’ हे वाक्य खोटं नाही, अर्धं आहे. हायपरथर्मच्या पॉवरमॅक्स ६५ या मशीनचं माहितीपत्रक उघडून बघा. त्यात एकाच मशीनसाठी चार आकडे सापडतील. ३२ मि.मी. म्हणजे प्लेट कशीबशी वेगळी होते, कड बघण्यासारखी राहत नाही. २५ मि.मी. म्हणजे मिनिटाला २५० मि.मी.च्या गोगलगाईच्या चालीने. २० मि.मी. म्हणजे मिनिटाला ५०० मि.मी.ने, ठीकठाक कडेसह. आणि चौथा आकडा १६ मि.मी., तो पिअर्सिंगचा. विक्रेता पहिला आकडा सांगतो, तुम्हाला गरज चौथ्याची आहे. हाताने कापताना प्लेटच्या कडेपासून सुरुवात करता येते. टेबलावर मात्र जवळजवळ प्रत्येक भाग प्लेटच्या मध्यात भोक पाडूनच सुरू होतो. त्या क्षणी वितळलेलं लोखंड खाली जायला वाट नसते, ते उसळून वर नोझलवर येतं. ताकदीबाहेरच्या जाडीत पिअर्स केलं की नवं कोरं नोझल दोन-चार भोकांत बाद. त्यामुळे कोणत्याही कंपनीचं मशीन असो, पिअर्सिंगची जाडी कोटेशनवर लिहून मागा.

दुसरा प्रश्न ड्युटी सायकलचा. ५० टक्के ड्युटी सायकल म्हणजे १० मिनिटांपैकी ५ मिनिटंच आर्क चालणार. हातकामात माणूस मध्ये थांबतोच, म्हणून ते जाणवत नाही. टेबल थांबत नाही. वर सांगितलेलं ६५चं मशीन पूर्ण ६५ अँपिअरवर ५० टक्क्यांचं आहे. त्याच घराण्यातलं ८५चं मशीन साधारण ६६ अँपिअरवर १०० टक्के चालतं. तुमचं ८ ते १२ मि.मी.चं काम ६५ अँपिअरवर उत्तम होतं. म्हणून माझा कौल ८५ अँपिअरच्या आसपासच्या मशीनला. १२ मि.मी.ला मिनिटाला मीटरभर वेग मिळेल, म्हणजे गॅसच्या दुपटीने, शिवाय प्रीहीटचा वेळ वाचला. २० मि.मी. ‘कधीमधी’ असेल तर ते कडेपासून सुरू करा किंवा गॅसनेच कापा. १०५ला माझा विरोध नाही, पण ते पैसे आधी कॉम्प्रेसर-ड्रायरवर घाला. गॅसचा सेट मात्र भंगारात देऊ नका. २५-३० मि.मी.च्या पुढे एम.एस.ला आजही तोच स्वस्त.

टेबलाचं माप फुटात ठरवू नका, तुम्ही प्लेट कोणत्या मापात घेता त्यावर ठरवा. बाजारात १५०० बाय ६३०० मि.मी.ची प्लेट सर्रास मिळते. ती व्यापाऱ्याकडून मधोमध कापून आणली तर एक तुकडा ३१५० मि.मी.चा. ‘१० फुटी’ टेबल म्हणजे ३०४८. दहा सेंटिमीटर बाहेर लोंबणार आणि दरवेळी तेवढं स्क्रॅप! टॉर्चची प्रत्यक्ष चाल ३२०० बाय १६०० मि.मी. मागा. आता वजन काढा. एम.एस. दर चौरस मीटरला, दर मि.मी. जाडीला ७.८५ किलो भरतं. तो १२ मि.मी.चा तुकडा ४४५ किलोच्या घरात जातो. चेन पुलीने तो टेबलावर उतरताना थोडा तरी आदळणारच. म्हणून प्लेट ठेवायचा सांगाडा आणि गॅन्ट्रीचे रूळ वेगवेगळ्या पायांवर उभे असलेलं टेबल घ्या. एकाच फ्रेमवर दोन्ही असतील तर प्रत्येक आदळण्याबरोबर रूळ थोडे थोडे हलतात. टेबलाच्या रचनेत मला एकच गोष्ट निवडायला सांगितली तर मी ही निवडेन. सर्व्हो की स्टेपर हा वाद नंतरचा. तुमच्या जाडीला, तुमच्या वेगाला चांगला स्टेपर पुरतो. रॅक-पिनियन आणि दोन्ही बाजूंनी ड्राइव्ह एवढं मात्र हवं.

शंका : ५० अँपिअरचं टेबल आहे. उन्हाळ्यात नोझल-इलेक्ट्रोडचा एक संच दिवसभर पुरायचा. जूनपासून दिवसाला तीन-तीन लागताहेत. विक्रेता म्हणतो, कन्झ्युमेबल डुप्लिकेट असतील. पण खरेदी त्याच्याकडूनच आहे!
— एक वाचक, लोटे (ता. खेड)

समाधान : दोष कन्झ्युमेबलचा नाही, पावसाचा आहे. इलेक्ट्रोडचं टोक नीट बघा. तांब्यात मध्यभागी हाफ्नियमचा बारीक ठिपका असतो. आर्क तिथूनच निघतो. ठिपका झिजत खड्डा होतो आणि तो दीड मि.मी.च्या आसपास खोल गेला की इलेक्ट्रोड बदलायचा, हा नेहमीचा हिशेब. हवेतून पाण्याचे थेंब आले की तो खड्डा वेडावाकडा पडतो, नोझलचं भोक अंडाकृती होतं आणि कट एका बाजूला तिरका जायला लागतो. तुमच्याकडे हेच होत असणार.

खात्री करणं सोपं आहे. आर्क न लावता टॉर्चमधून नुसती हवा सोडा आणि समोर स्वच्छ आरसा धरा. आरशावर दव आलं तर पाणी, चिकट थर आला तर कॉम्प्रेसरचं तेल.

उपाय ओळीने करा. टाकीचा ड्रेन रोज सकाळी उघडायचा, कोकणात पावसाळ्यात दुपारी परत एकदा. हवेची लाइन कॉम्प्रेसरपासून उताराने न्या आणि टॉर्चकडे जाणारा फाटा मुख्य पाइपाच्या वरच्या बाजूने काढा. बहुतेक ठिकाणी तो खालून काढलेला असतो. मग साठलेलं सगळं पाणी सरळ टॉर्चमध्ये. त्यानंतर रेफ्रिजरेटेड एअर ड्रायर. काचेच्या वाटीचा छोटा फिल्टर पाण्याचे थेंब पकडतो, वाफ पकडत नाही, आणि तुमच्याकडे जुलैच्या हवेत वाफच सगळी. ड्रायर महाग वाटेल. आठवडाभराच्या कन्झ्युमेबलची बिलं शेजारी ठेवून बघा.

दाबही तपासा, पण हवा वाहती असताना. बंद हवेला गेज सात बार दाखवतो आणि कट सुरू झाला की चारवर येतो, असे कॉम्प्रेसर पुष्कळ. या वर्गातल्या मशीनला साधारण ५.९ बारला मिनिटाला १९० लिटर हवा लागते. कॉम्प्रेसर किमान त्याच्या दीडपट देणारा हवा. पाटीवर पुष्कळदा पिस्टन डिस्प्लेसमेंट छापलेलं असतं. प्रत्यक्ष मिळणारी हवा, म्हणजे फ्री एअर डिलिव्हरी, त्याहून बरीच कमी भरते. विक्रेत्याला दुसरा आकडा विचारा.

शंका : आर्क लागला की कंट्रोलरची स्क्रीन गोठते, कधी टॉर्च भलतीकडेच धावतो. तीन वेळा कार्ड बदललं. आता कंपनी म्हणते पूर्ण कंट्रोलर बदला.
— एक वाचक, वाळूज

समाधान : थांबा, पैसे देऊ नका. आधी तोच प्रोग्रॅम आर्क न लावता चालवा. सुरळीत चालला तर कंट्रोलर निर्दोष आहे, त्याला बाहेरून विद्युत गोंगाट त्रास देतोय. मग पॉवर सोर्सचं मॅन्युअल काढून बघा, आर्क कसा पेटतो? हाय फ्रीक्वेन्सीने पेटत असेल तर चोर तिथेच सापडला. ती ठिणगी रेडिओ स्टेशनसारखी चहूकडे फेकली जाते आणि प्रत्येक वायर तिची अँटेना बनते. ब्लोबॅक पद्धतीच्या टॉर्चमध्ये हवेच्या दाबाने इलेक्ट्रोड मागे सरकून आर्क पेटतो, तिथे हा उपद्रव फार कमी. टेबलासाठी नवं मशीन घेणाऱ्यांनी हे आधीच विचारून घ्यावं.

आता आहे त्याचं काय? टेबलाजवळच स्वतंत्र अर्थ पिट घ्या. शेडच्या दुसऱ्या टोकाचं जुनं अर्थिंग नको. टेबल, गॅन्ट्री, कंट्रोलरचं कॅबिनेट आणि पॉवर सोर्स यांच्या जाड अर्थ वायरी एकाच बिंदूला आणून तिथून पिटमध्ये न्या. एकीकडून दुसरीकडे साखळी करू नका. वायरमनला हे चित्र काढून द्या, तोंडी सांगितलं की साखळीच होते. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात पिट कोरडा पडतो, त्यात पाणी घालत राहायचं. टॉर्चची केबल आणि मोटर-सेन्सरच्या केबल एकाच ट्रेमध्ये असतील तर वेगळ्या करा, मध्ये फूटभर अंतर ठेवा. ओलांडावीच लागली तर काटकोनात. टॉर्चची उरलेली केबल वेटोळं करून टांगू नका.

आणि वर्क क्लॅम्प म्हणजे अर्थिंग नव्हे. या दोघांची गल्लत मी जाईन तिथे बघतो. वर्क क्लॅम्प कटिंगचा पूर्ण करंट परत नेतो, तो रंग-गंज घासलेल्या जागी थेट प्लेटला किंवा टेबलाच्या सांगाड्याला घट्ट बसला पाहिजे. तो ढिला असेल तर करंट परतीची वाट बेअरिंगमधून नाही तर कंट्रोलरच्या अर्थ वायरमधून शोधतो. तुमची कार्डं तशीच गेली असण्याची दाट शक्यता आहे.

शंका : १.६ मि.मी.च्या पत्र्याची पॅनेल बोर्डाची कॅबिनेट बनवतो. टेबल घेऊ का?
— एक वाचक, भोसरी

समाधान : नको. पत्रा तापून वाकेल, खाच दीड मि.मी. रुंद पडेल आणि कडा घासण्यात कामगार अडकतील. तुमच्या आसपास फायबर लेझरवर जॉबवर्क करणारे भरपूर आहेत. डीएक्सएफ फाइल पाठवा आणि कापलेले भाग घेऊन या.

शंका : १२ मि.मी.च्या बेस प्लेटला १४ मि.मी.ची भोकं टेबलावरच पाडतो. वरून बोल्ट जातो, खाली अडकतो. शिवाय भोकाला एका जागी खाच पडते.
— एक वाचक, अंबड, नाशिक

समाधान : साध्या एअर प्लाझ्माने जाडीच्या दीडपटीहून लहान भोक सरळ येईल ही अपेक्षाच ठेवू नका. १२ मि.मी.ला १८ हा माझा आकडा. १४ मि.मी. ही ताणून ताणून सीमारेषा.

तरीही सुधारणेला वाव आहे. बाहेरची कड ज्या वेगाने कापता त्याच्या ६० टक्के वेगाने भोक कापा. वेग जास्त असला की आर्कचं शेपूट मागे रेंगाळतं आणि भोक खाली निमुळतं होतं. भोक कापताना टीएचसी, म्हणजे टॉर्चची उंची आपोआप सांभाळणारी यंत्रणा, बंद ठेवा. वेग कमी झाला की व्होल्टेज बदलतं, यंत्रणेला वाटतं उंची बदलली आणि ती टॉर्च खालीवर करत बसते. दिशा बघा. नेहमीच्या टॉर्चमध्ये हवा घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरते, त्यामुळे टॉर्च पुढे जाताना त्याच्या उजव्या हाताची कड सरळ येते आणि डाव्या हाताची तिरकी. म्हणून बाहेरची कड घड्याळाच्या दिशेने आणि भोक उलट दिशेने. तुमच्या नेस्टिंग सॉफ्टवेअरमध्ये हे एका खुणेचं काम आहे. खाच पडते ती सुरुवात आणि शेवट जुळतो तिथे. पिअर्स भोकाच्या मध्यावर करा, तिथून कडेला सरळ रेषेऐवजी कमानीने या आणि वर्तुळ पूर्ण होताच आर्क बंद. शेवटी टॉर्च परत मध्याकडे वळवू नका.

आटे पाडायचे असतील तर मात्र प्लाझ्माचं भोक वर्ज्य. हवेतल्या नायट्रोजनमुळे कड कडक होते, टॅप मोडतो. त्याच कारणाने त्या कडेवरच्या वेल्डिंगमध्ये सच्छिद्रपणा येतो, म्हणून वेल्डिंगआधी ग्राइंडर मारायचा. आट्यांच्या भोकांसाठी टेबलावर कमी अँपिअरने नुसती केंद्राची खूण करून घ्या आणि ड्रिल मशीनवर भोक पाडा. जागा अचूक मिळते, आखणीचा वेळही वाचतो.

शंका : एप्रिल-मे महिन्यांत दुपारी मशीन तापून बंद पडतं. कव्हर काढून पंखा लावला तरी तेच.
— एक वाचक, बुटीबोरी

समाधान : कव्हर आधी लावा. आतला पंखा ठरलेल्या वाटेने हवा ओढतो, कव्हर काढलं की ती वाट मोडते आणि वर लोखंडाची भुकटी आत जाते. ड्युटी सायकलचे छापील आकडे ४० अंश तापमानाचे असतात. विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या शेडमधला पारा त्याच्या बराच वर असतो. म्हणजे तुमचं ५० टक्क्यांचं मशीन दुपारी ५० टक्क्यांचं राहतच नाही. जाड काम सकाळी उरका, दुपारी १० अँपिअर कमी करून पातळ काम घ्या. पॉवर सोर्स टेबलापासून दूर, भिंतीच्या सावलीत, चारही बाजूंनी मोकळा ठेवा. दुपारी तिन्ही फेजमधलं व्होल्टेजही मोजून घ्या. ते पडलं की मशीन जास्त करंट ओढतं आणि अजून तापतं.

शंका : धूर आणि आवाज यांमुळे शेजाऱ्यांची तक्रार आहे, म्हणून पाण्याचं टेबल घ्यायचं ठरवलंय. एस.एस.बरोबर बोटींसाठी ॲल्युमिनियमही कापतो. काही अडचण?
— एक वाचक, कुंडई, गोवा

समाधान : एस.एस.साठी पाण्याचं टेबल चांगलंच. त्या धुरात हेक्साव्हॅलंट क्रोमियम असतं, ते फुप्फुसाला घातक, आणि पाणी त्यातला बराच भाग धरून ठेवतं. पाण्याची पातळी प्लेटच्या तळाला टेकेल इतकी ठेवा. तरी वायुवीजन हवंच, आणि तो गाळ गटारात सोडू नका.

ॲल्युमिनियमचं उत्तर मात्र नाही असं आहे. ॲल्युमिनियमचे वितळलेले कण पाण्यात पडले की पाण्याशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन निघतो. तो प्लेटखाली साठतो, बाहेर जायला वाट नसते, आणि वरून तुम्ही ठिणगी आणता. अशा टेबलांवर स्फोट झालेले आहेत. आदल्या दिवशीचा गाळसुद्धा रात्रभर वायू सोडत राहतो, म्हणून प्लेट रात्री टेबलावर ठेवून सकाळी सरळ कापायला घेणं सर्वांत धोक्याचं. मोठ्या कारखान्यांत पाण्यात सतत हवा फिरवणारी यंत्रणा बसवतात, गाळ वेळच्या वेळी काढतात आणि मगच हे काम करतात. तुम्ही ॲल्युमिनियमसाठी खालून हवा ओढणारं कोरडं टेबल घ्या, किंवा ते काम बाहेर द्या. ‘थोडंच तर कापतो’ हा युक्तिवाद इथे चालत नाही.

आणखी एक. सुट्टीवर जाताना पाणी रिकामं करा. डास साचलेल्या पाण्यातच वाढतात आणि मग शेजारी दुसरी तक्रार घेऊन येतील.

शंका : मशीन पुढच्या आठवड्यात येतंय. कंपनीचा इंजिनिअर दोन दिवस राहणार. त्याच्याकडून काय काय करून घ्यावं?
— एक वाचक, कुपवाड

समाधान : तो येण्याआधीची कामं तुमची आहेत : थ्री फेज लाइन, महावितरणकडचा मंजूर भार पुरतो की नाही, कोरडी हवा, अर्थ पिट. ही तयार नसतील तर त्याचे दोन दिवस चहा पिण्यात जातील.

आला की पहिल्यांदा काटकोन. टॉर्चच्या जागी पेन बांधून प्लेटवर एक मीटरचा चौरस काढायला लावा आणि दोन्ही कर्ण स्वतः टेपने मोजा. दोन्ही १४१४ मि.मी. आले पाहिजेत. कर्णांत २ मि.मी.चा फरक म्हणजे दर मीटरला जवळजवळ दीड मि.मी. तिरकेपणा. तीन मीटरच्या भागात तो चांगलाच दिसतो. गॅन्ट्रीच्या दोन बाजूंपैकी एक पुढे-मागे करून हे दुरुस्त होतं, आणि ते पहिल्याच दिवशी व्हायला हवं. नंतर १०० मि.मी.चा चौरस प्रत्यक्ष कापा. ९८.५ भरला तर सॉफ्टवेअरमध्ये खाचेची रुंदी टाकलेली नाही.

मग उंची. पिअर्स करताना टॉर्च वर, कापताना खाली, हे दोन आकडे वेगळे हवेत. ४५ अँपिअरच्या टॉर्चला कापताना दीड मि.मी. आणि पिअर्सला पावणेचार मि.मी. असा साधारण हिशेब असतो. काही इंजिनिअर दोन्हीकडे एकच आकडा टाकून मोकळे होतात, आणि नोझल का जळतात याचं कोडं पुढे तुम्ही सोडवत बसता. टॉर्च प्लेटला स्पर्श करून उंची ओळखतो ती यंत्रणा गंजलेल्या आणि ओल्या प्लेटवरही तपासून घ्या. नव्या चकचकीत तुकड्यावर ती कुठेही चालते.

टीएचसीचं व्होल्टेज नव्या नोझल-इलेक्ट्रोडवर लावलेलं असतं. इलेक्ट्रोड झिजला की त्याच उंचीला व्होल्टेज वाढतं, यंत्रणेला वाटतं टॉर्च वर गेला आणि ती त्याला हळूहळू प्लेटला टेकवते. ऑपरेटरला हे इंजिनिअरच्या समोर समजू द्या. आणि शेवटची रक्कम चाचणी तुमच्या प्लेटवर, तुमच्या ड्रॉइंगने झाल्यावरच द्या. कंपनीचा कापलेला घोडा किंवा गणपती सुंदरच असतो, त्याने काहीच सिद्ध होत नाही.

पुढच्या अंकासाठी लिहिणाऱ्यांना एक विनंती. ‘कट नीट येत नाही’ एवढ्यावर मला काही सांगता येत नाही. धातू, जाडी, अँपिअर, वेग आणि हवा वाहती असतानाचा दाब एवढं लिहा. कापलेल्या कडेचा फोटो जोडताना प्लेटची वरची बाजू कोणती आणि टॉर्च कोणत्या दिशेने गेला हे खडूने प्लेटवरच लिहा. खाली चिकटलेला स्लॅग हाताने निघतो की छिन्नी लागते, हेही कळवा. सहज निघणारा जाड स्लॅग असेल तर वेग कमी पडतोय, छिन्नी लागणारा बारीक स्लॅग असेल तर वेग जास्त आहे. पुष्कळांना पत्र पाठवण्याआधीच उत्तर मिळून जाईल.